विद्युत चुंबकीय प्रवर्तन : प्रयोगवही कशी असावी?

दहावीच्या विज्ञानात विद्युत चुंबकीय प्रवर्तनाचा भाग आहे. बाजारातील पुष्कळशा प्रयोगवह्यांत त्याचे साहित्य, कृती, निरीक्षण आणि अनुमान सारे आधीच छापलेले असते. विद्यार्थी सुवाच्य अक्षरात रिकाम्या जागा भरतो, गुण मिळवितो. पण चुंबक वेटोळ्यात नुसता ठेवून दिला तर काय होईल, असे विचारा. वीज वाहील, असे उत्तर हमखास येते. ज्याच्या घरी विचारायला कोणी नाही आणि शाळेत ज्याचा हात उपकरणाला लागत नाही, त्या आपल्या वस्तीतील मुलाचे यात फार नुकसान होते. म्हणून विहारातील अभ्यासिकांसाठी ही वही कशी सुधारावी, ते येथे मांडीत आहोत.

हा शोध लावणारा मायकेल फॅरडे लोहाराचा मुलगा. शिक्षण जेमतेम, लंडनमध्ये पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करताना बांधायला आलेली पुस्तके वाचून तो शिकला. हंफ्री डेव्हींच्या व्याख्यानांची टिपणे त्याने स्वतः बांधून त्यांनाच पाठविली आणि १८१३ साली रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये साहाय्यक झाला. (पुढे डेव्ही दांपत्यासोबतच्या युरोप प्रवासात त्याला नोकरासारखे राबावे लागले. आपल्याला यात नवल वाटू नये.) २९ ऑगस्ट १८३१ रोजी लोखंडी कड्यावर दोन वेटोळी गुंडाळून त्याने पाहिले, की पहिले वेटोळे बॅटरीला जोडताना वा तोडताना तेवढीच दुसऱ्याकडची सुई हलते, प्रवाह स्थिर असता ती स्वस्थ राहते. फसलेले प्रयोगही तो दैनंदिनीत लिहून ठेवी.

आमच्या मते वहीच्या पानावर अनुमान छापूच नये. तीन रकाने असावेत : माझा अंदाज, प्रत्यक्ष दिसले ते, आणि फरक का पडला. अंदाज शाईनेच लिहावा. बँकेच्या खतावणीत आम्ही खोडरबर चालवीत नाही. चुकीचा आकडा वाचता येईल असा कापून सही करतो. अंदाजाचेही तसेच करावे. ग्रंथात आहे म्हणून मानू नका, असे भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले, त्याला धरूनच हे आहे.

प्रश्न एकामागून एक यावेत. चुंबक स्थिर ठेवला तर? वेगाने आत नेला तर? ध्रुव उलटा केला तर? चुंबक तसाच ठेवून वेटोळे हलविले तर? वेढे दुप्पट केले तर? परिपथ तुटलेला असताना चुंबक हलविला तर? या शेवटच्या प्रश्नाला मुले अडखळतात. धारा वाहत नाही, पण तारेच्या टोकांमध्ये विभवांतर निर्माण होतेच.

गॅल्व्हॅनोमीटर नसेल तर दोन एलईडी एकमेकांच्या उलट दिशेने वेटोळ्याच्या टोकांना जोडावेत. वेढे भरपूर आणि चुंबक जोरदार असेल, तर चुंबक आत जाताना एक उजळतो, बाहेर येताना दुसरा. होकायंत्र वापरायचे तर ते चुंबकापासून दूर असावे, नाहीतर सुई चुंबकामुळेच हलेल. मोटर वाइंडिंगच्या दुकानातली तार आणली तर तिच्या टोकांवरचा थर खरवडून काढावा. हे वहीत ठळक छापा. एवढ्याशा कारणाने प्रयोग होत नाही आणि मूल स्वतःलाच ढ समजते. घरातील विजेच्या जोडणीला मात्र हात लावायचा नाही, हेही छापावे.

शेवटच्या पानावर कोराडीचा प्रश्न द्यावा. तेथील विद्युत केंद्रात वाफेच्या जोरावर दोन ध्रुवांचा चुंबक मिनिटाला ३००० फेरे घेतो. तर आपल्या घरातील विजेची दिशा सेकंदाला किती वेळा बदलत असेल? खाली चार ओळी कोऱ्या सोडाव्यात.