पाण्यात जळणारी मेणबत्ती

गिरगाव, परळ, लालबाग येथील चाळींत गणेशोत्सवाच्या दिवसांत एक गोष्ट सहज नजरेत भरते. खोली लहान असते. मखर मात्र भिंतीपलीकडे खोलवर गेल्यासारखे दिसते. मूर्तीच्या दोन्ही अंगांना समोरासमोर आरसे उभे करून मधोमध दिव्यांची एक माळ सोडली, की ही किमया साधते. १८९३ साली गिरगावातील केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. तेव्हापासून आजतागायत सजावटीची साधने अनेक वेळा बदलली. थर्मोकोलवर २०१८ साली राज्यात बंदी आल्यानंतर पुठ्ठा, कापड आणि आरसा यांना पुन्हा वाव मिळाला. शिक्षकांना प्रकाशाचा धडा या मखरापासूनच सुरू करता येईल.

प्रकाशकिरण आरशावर ज्या कोनात पडतो, त्याच कोनात परावर्तित होतो. डोळ्याला मात्र किरणाने घेतलेले वळण कळत नाही. किरण सरळ रेषेतच आला असे गृहीत धरून तो वस्तू आरशाच्या मागे पाहतो. दोन आरसे काटकोनात ठेवले, तर एका पणतीच्या तीन प्रतिमा दिसतात. ६० अंशांच्या कोनात पाच, ४५ अंशांच्या कोनात सात. आरसे समांतर केले, की प्रतिमांची रांग लागते. प्रत्येक परावर्तनात थोडा प्रकाश शोषला जातो, म्हणून दूरच्या प्रतिमा मंद होत जातात. काचेतील लोहाच्या अंशामुळे त्यांवर हिरवट छटाही चढते. ही छटा मुलांनी स्वतः शोधून काढावी. आधी सांगू नये.

याहून मोलाचा प्रयोग साध्या काचेचा आहे. मेजावर एक स्वच्छ काच उभी करावी. तिच्यापुढे वीस सेंटिमीटरवर पेटलेली मेणबत्ती ठेवावी व प्रेक्षकांना ती दिसू नये म्हणून आड पुठ्ठा लावावा. काचेच्या मागे, बरोबर तेवढ्याच अंतरावर पाण्याने भरलेला पेला ठेवावा आणि खोलीत अंधार करावा. ज्योत पाण्यात जळताना दिसू लागते! काचेवर पडलेल्या प्रकाशाचा जेमतेम आठ टक्के भाग परत फिरतो. काळोखात तेवढा पुरतो. प्रेक्षक थोडा डावी-उजवीकडे सरकला, तरी प्रतिमा पेला सोडत नाही. म्हणूनच पाहणाऱ्याची खात्री पटते. लंडनमध्ये १८६२ साली जॉन हेन्री पेपर यांनी याच तत्त्वावर रंगमंचावर भूत उभे केले होते.

रंगमंचावर ही करमणूक ठरते. परंतु तीच ज्योत दैवी शक्ती म्हणून दाखवून भाबड्या माणसांकडून पैसे उकळणे ही निखालस फसवणूक होय. राज्याने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला आहे. तथापि गावच्या सभेत कायद्याचे कलम वाचून दाखवण्यापेक्षा पंचायत सदस्यांनी हा प्रयोग करून दाखवल्यास तो अधिक लवकर पटेल.

या बाबतीत दादासाहेब फाळके यांचे उदाहरण मोठे बोलके आहे. दादरला राहून त्यांनी निर्माण केलेला 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात झळकला. ते स्वतः जादूगारही होते व आडनावाची अक्षरे उलटी करून 'प्रोफेसर केळफा' या नावाने खेळ करीत. मात्र चित्रपट कसा तयार होतो, हे उलगडून सांगणारा लघुपटही त्यांनीच काढला. आपल्या कलेचे गुपित असे खुले करणारे जादूगार विरळाच.

प्रयोगाच्या वेळी ज्योत शिक्षकांनीच पेटवावी, काचेच्या कडा घासून घ्याव्यात आणि जवळ पाण्याची बादली असावी. लहान मुलांच्या वर्गात मेणबत्तीऐवजी छोटी विजेरी वापरावी. शेवटी एका मुलाला काचेच्या मागे उभे करावे. त्याला पेल्यात फक्त पाणी दिसेल. दुसऱ्याने पुठ्ठ्याआडच्या मेणबत्तीवर फुंकर घालावी. पेल्याला कोणीही हात लावलेला नसताना समोर बसलेल्यांना पाण्यातील ज्योत विझताना दिसेल.