सावकाश जाण्याची खटपट

न्यू जर्सीतल्या आमच्या बेसमेंटमध्ये माझी एचओ मापाची आगगाडी आहे, म्हणजे खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याएवढी. बायको तिला 'तुझी लोकल' म्हणते. या लोकलला ओढणारं इंजिन ॲथर्न कंपनीचं जुनं जीपी-९. निळ्या खोक्यात सुटे भाग यायचे आणि ते घरी जोडायचे, त्या जमान्यातलं. मॉडेल गाड्यांच्या एका जत्रेत पडत्या भावात मिळालं. त्यात आजच्या डिजिटल पद्धतीचा, म्हणजे डीसीसीचा, हुकूम वाचणारा डीकोडर बसवताना जे उमगत गेलं, ते हे.

१. आजवर मी इंजिन चालवतच नव्हतो, रूळ चालवत होतो. जुन्या पद्धतीत ट्रान्सफॉर्मरची चकती फिरवली की रुळांतला व्होल्टेज कमीजास्त होतो, आणि रुळावर जे जे उभं असेल ते मुकाट चालू लागतं. डीसीसीत रुळांत कायम चौदा-पंधरा व्होल्ट खेळत असतात आणि त्यातूनच हुकूम जातात. ५८ मायक्रोसेकंदांचा ठोका म्हणजे 'एक', शंभर किंवा त्याहून लांब म्हणजे 'शून्य'. प्रत्येक इंजिनाला आपला पत्ता असतो. नवा डीकोडर ३ हा पत्ता घेऊनच येतो. दुसऱ्याच्या नावाचा हुकूम आला तर इंजिन ढिम्म हलत नाही. पहिल्यांदा दोन इंजिनं एकाच रुळावर समोरासमोर आणली तेव्हा मला उगाच अधिकारी झाल्यासारखं वाटलं.

२. डीकोडर इंजिनापेक्षा महाग पडतो. हे घरात सांगितलेलं नाही. पुढे जाऊ.

३. जुन्या लोकांनी वायरच वापरली नव्हती, हे इंजिन उघडल्यावर कळलं. एका रुळाचा प्रवाह चाकांतून धातूच्या फ्रेममध्ये यायचा, मोटरची खालची पट्टी त्या फ्रेमला टेकलेली असायची. दुसऱ्या रुळाचा प्रवाह वरच्या पत्र्याच्या पट्टीतून. बस्स. फ्रेम हीच वायर. पुढचा दिवासुद्धा फ्रेमवरच भागवलेला. कोड लिहून पोट भरणारा मी; अनावश्यक ओळी काढण्यावरून ज्युनियर पोरांना व्याख्यानं देतो. इथे कुणीतरी कितीतरी वर्षांपूर्वी एकही ओळ जास्त न लिहिता काम चोख केलं होतं, आणि मला ते मोडायचं होतं. कारण डीकोडरची अट एकच आणि कडक: मोटरचा दोन्ही रुळांशी थेट संबंध नको. तो राहिला तर डीकोडर जळतो. म्हणून मोटर बाहेर काढायची, खालच्या पट्टीची टोकं कापायची, फ्रेमवर वीज अडवणारी कॅप्टॉन टेप लावायची. मग मल्टिमीटरचं एक टोक चाकाला, दुसरं मोटरच्या पट्टीला. बीप वाजता कामा नये. काहीच न ऐकू येण्याची इतक्या आतुरतेने वाट मी कधी पाहिली नव्हती.

४. वायरिंग हा सगळ्यात सोपा भाग निघाला. लाल-काळी रुळांकडून, नारिंगी-करडी मोटरला, निळी-पांढरी-पिवळी दिव्यांना. रंग सगळीकडे ठरलेले. मानक ठरवणाऱ्यांचं हे माझ्यावर मोठं ऋण आहे. डीसीसीचं मूळ तंत्र जर्मनीच्या लेन्झ कंपनीचं; अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने १९९० च्या दशकात ते प्रमाण मानलं.

५. इलेक्ट्रॉनिक्स मळ झाकत नाही. डीकोडर मोटरचा प्रवाह क्षणभर तोडतो, फिरत्या मोटरने स्वतः निर्माण केलेला व्होल्टेज मोजतो, वेग पडला असेल तर जोर वाढवतो. हे वाचून मला वाटलं होतं, आता सगळी दुखणी संपली. चढावर ते खरंच चमत्कार करतं. पण गिअरमध्ये सुकून मेण झालेलं ग्रीस, काजळलेला कॉम्युटेटर, मळ धरणारी जुनी लोखंडी चाकं यांच्यापुढे त्याचा इलाज नाही. उलट जड फिरणारी मोटर जास्त अँपिअर ओढते, आणि साध्या डीकोडरची झेप एखाद्या अँपिअरची. आमच्या मॉडेल गाड्यांच्या क्लबमधले एक निवृत्त गृहस्थ मला म्हणाले, आधी ते जुन्या ट्रान्सफॉर्मरवर नीट चालव, मग अक्कल बसव. त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं की इंजिनाकडे, हे मी विचारलं नाही.

६. ज्याला आपण हसतो तेच कधी कामाला येतं. या जुन्या इंजिनाचं हूड खऱ्या जीपी-९ पेक्षा रुंद आहे. मोटर मावावी म्हणून कंपनीने ते सरळ फुगवलं. चोखंदळ मंडळी नाकं मुरडतात, मीही मुरडायचो. त्या फुगीर पोटात डीकोडर आणि त्याच्या वायरी ऐसपैस मावल्या.

७. एवढा सगळा खटाटोप वेगासाठी नव्हताच. डीकोडरमध्ये वेगाच्या १२८ पायऱ्या मिळतात, आणि मी जवळजवळ सगळा वेळ पहिल्या वीसेकांतच असतो. डीकोडरच्या सेटिंगांना सीव्ही म्हणतात: सीव्ही २ मध्ये सुरुवातीचा धक्का, ५ मध्ये कमाल वेग, ३ आणि ४ मध्ये वेग घेण्याचा आणि सोडण्याचा संथपणा. यार्डात डबे ढकलणारं खरं इंजिन ताशी आठ किलोमीटरने चालत असेल, तर माझ्या रुळावर ते सेकंदाला अडीच सेंटीमीटर. पूर्वी हे इंजिन एकतर उभं असायचं नाहीतर उडी मारायचं. आता रुळाच्या सांध्यावरून एकेक चाक जाताना दिसतं. पुण्याहून आलेल्या भाच्याने हे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "मामा, एवढे पैसे घालून गाडी आधीपेक्षा हळू का झाली?" बायको हसली. पैशांचा विषय असा निघाला.

८. सगळंच सुधारायला घेऊ नये. माझ्याकडे ॲथर्नचंच छोटं 'हसलर' आहे, गिअरऐवजी रबरबँडवर चालणारं. ते इतकं सुसाट सुटतं की वळणावर टिकलं तर नशीब. त्याच्यासाठी जुना ट्रान्सफॉर्मर आणि गोल रुळांचा एक वेगळा तुकडा ठेवलाय. भाचा असेपर्यंत तेच चालू होतं.