दोन लिलाव : खेळाडूंचे मोल आणि टंचाईचे अर्थशास्त्र

(बी. कॉम. द्वितीय वर्ष)

१. विषयप्रवेश

'मोल', 'किंमत' आणि 'मजुरी' हे तीन शब्द आपण बोलताना एकाच अर्थाने वापरतो. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला मात्र तसे करून चालत नाही. प्रस्तुत लेखात मी एक नेहमीचाच प्रश्न घेतला आहे. लोकांना हलाखीचे दिवस असताना खेळाडूंना कोट्यवधी रुपये मिळावेत, हे योग्य आहे काय? या प्रश्नावर चहाच्या टपरीपासून वर्गापर्यंत सगळीकडे तावातावाने बोलले जाते. परंतु आकडे पुढे ठेवून आणि आपण पाठ्यपुस्तकात शिकतो ते सिद्धांत लावून त्याचा विचार क्वचितच होतो. तसा प्रयत्न येथे केला आहे.

प्रथम आकडेच पाहू. २४ आणि २५ नोव्हेंबर २०२४ रोजी सौदी अरबस्तानातील जेद्दा येथे इंडियन प्रीमियर लीगचा (आय.पी.एल.) लिलाव झाला. त्यात लखनौच्या संघाने ऋषभ पंत याला २७ कोटी रुपयांना घेतले. माझे गाव जामसांवली हे मध्य प्रदेशातील सौंसर-पांढुर्णा भागात आहे. त्या दिवसांत आमच्याकडे कापसाची वेचणी चालू असते. २०२४-२५ च्या हंगामात केंद्र सरकारने लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ७,५२१ रुपये आधारभाव जाहीर केला होता. म्हणजे एका खेळाडूच्या एका हंगामाचे मोल सुमारे ३५,९०० क्विंटल कापसाएवढे झाले. त्याच वर्षी मध्य प्रदेशात रोजगार हमीचा दर दिवसाला २४३ रुपये होता. या दराने २७ कोटी मिळवायला ११ लाख ११ हजारांहून अधिक दिवस राबावे लागेल. वर्षाला १०० दिवसांचे काम धरले, तर ११ हजारांहून अधिक वर्षे लागतील.

असा हिशेब केला की माणसाला राग येतो, आणि तो येणे स्वाभाविक आहे. पण राग हा निष्कर्ष नव्हे. हा पैसा येतो कोठून, तो कोणाला मिळतो आणि त्याचा भार कोणावर पडतो, हे तीन प्रश्न वेगवेगळे करून पाहिले पाहिजेत.

२. पैसा येतो कोठून?

१८१७ साली डेव्हिड रिकार्डोने खंडाचा सिद्धांत मांडला. त्या काळी इंग्लंडात धान्य महाग होते आणि जमीनदारांचा खंडही भरमसाट होता. लोक म्हणत, खंड जास्त म्हणून धान्य महाग. रिकार्डोने हे उलटे करून दाखविले. धान्य महाग आहे, म्हणून जमिनीला खंड जास्त मिळतो. सुपीक जमीन वाढविता येत नाही. तिच्या मालाची मागणी वाढली की सगळा लाभ त्या मर्यादित वस्तूकडे जातो.

खेळाडूचे तसेच आहे. पंतला २७ कोटी द्यावे लागतात म्हणून दूरचित्रवाणीवरील जाहिराती महागल्या, असे नाही. जाहिराती महाग विकल्या जातात, म्हणून पंतला २७ कोटी देता येतात. २०२३ ते २०२७ या पाच हंगामांच्या प्रक्षेपणाचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. हा सौदा ४१० सामन्यांचा होता. म्हणजे एका सामन्यामागे सुमारे ११८ कोटी आणि एका षटकामागे जवळजवळ तीन कोटी रुपये झाले. मग ते षटक निर्धाव का जाईना!

मागणी वाढली की मोल कसे चढते, याचे स्वच्छ उदाहरण कबड्डीत सापडते. कबड्डी हा मातीवरचा, बिनखर्चाचा खेळ. २०१४ साली प्रो कबड्डी लीगच्या पहिल्या लिलावात सर्वात मोठी बोली राकेश कुमारवर लागली, ती १२ लाख ८० हजारांची होती. २०२३ साली पवन सेहरावतसाठी २ कोटी ६० लाखांवर बोली गेली. नऊ वर्षांत खेळाडूची पकड वीसपट घट्ट झाली नाही, आणि चढाईही वीसपट वेगवान झाली नाही. पाहणारे वाढले आणि जाहिरातदार वाढले, एवढेच.

याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पाहणारा नसेल, तर गुणाला मोल येत नाही. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या प्रवासखर्चासाठी गावातून वर्गणी जमवावी लागली, आणि त्यांच्या कॉलेजच्या माजी प्राचार्यांनी आपले घर गहाण ठेवून पैसे उभे केले. १९८३ साली क्रिकेटचा विश्वचषक जिंकून संघ परतला, तेव्हा मंडळाजवळ बक्षिसापुरतेही पैसे नव्हते. लता मंगेशकरांनी दिल्लीत गाण्याचा कार्यक्रम केला आणि त्यातून प्रत्येक खेळाडूला एक लाख रुपये देण्यात आले. तेव्हा आजचे आकडे पाहून 'पूर्वी खेळाडू त्यागी होते' असे म्हणणे सोपे आहे. खरे तर तेव्हा बाजार नव्हता, आणि बाजार नसणे हा काही सद्गुण नव्हे.

३. पैसा कोणाला मिळतो?

लिलावाचे आकडे वर्तमानपत्रात पहिल्या पानावर येतात, म्हणून सगळा पैसा खेळाडूच नेतात असा आपला समज होतो. ताळेबंद वाचण्याची सवय असलेल्याने येथे थांबावे. २०२५ च्या हंगामासाठी प्रत्येक संघाला खेळाडूंवर १२० कोटी खर्चण्याची मुभा होती. दहा संघांचे झाले १,२०० कोटी. प्रक्षेपणाच्या हक्कांचे उत्पन्न वर्षाला सरासरी ९,६७८ कोटी होते. म्हणजे केवळ या एका उत्पन्नाचा सुमारे आठवा हिस्सा खेळाडूंना जातो. सामन्यामागे मिळणारे मानधन व इतर रकमा धरल्या, तरी सहावा हिस्सा होत नाही. अमेरिकेतील बास्केटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये खेळाशी संबंधित उत्पन्नाचा जवळजवळ निम्मा वाटा खेळाडूंना देण्याचा करार आहे. तेव्हा 'खेळाडू फार घेतात' असे म्हणताना, उरलेले कोण घेतो हेही विचारायला हवे.

खेळाडूंमध्येही हा पैसा सारखा वाटला जात नाही. आमच्या भागाला नागपूर जवळ, म्हणून विदर्भाची उदाहरणे देतो. उमेश यादव हा खापरखेड्याजवळच्या वलनी कोळसा खाणीत काम करणाऱ्या कामगाराचा मुलगा. २०२४ च्या हंगामासाठी त्याला ५ कोटी ८० लाख मिळाले. अमरावतीच्या जितेश शर्माला २०२२ साली २० लाखांना घेतले गेले होते. २०२४ च्या लिलावात त्याच्यावर ११ कोटींची बोली लागली. खाणकामगाराच्या घरात कोटी रुपये येतात, ही गोष्ट मला तरी वाईट वाटत नाही. श्रीमंताच्या घरी जन्म न घेता श्रीमंत होण्याचे रस्ते आपल्या देशात फार थोडे आहेत.

पण त्याच मैदानावर खेळणाऱ्या बाकीच्यांचे काय? २०२०-२१ साली कोरोनामुळे रणजी स्पर्धा झाली नाही. सुरू झाल्यापासून एकही वर्ष न चुकलेली ही स्पर्धा पहिल्यांदाच रद्द झाली. आय.पी.एल. मात्र २०२० साली संयुक्त अरब अमिरातीत नेऊन खेळवली गेली. ज्यांचा आय.पी.एल.शी करार नव्हता आणि ज्यांचे पोट रणजीच्या सामना-मानधनावर होते, त्यांचे त्या हंगामाचे उत्पन्न बुडाले. पुढे सप्टेंबर २०२१ मध्ये मंडळाने त्यांना निम्मी भरपाई जाहीर केली. टंचाईच्या काळात शिखरावरचा टिकतो आणि पायऱ्यांवरचा घसरतो, हे खेळातही खरे ठरले.

अशा काळात वरच्यांची कमाई मुळीच घटत नाही, असेही नाही. अमेरिकेत महामंदीच्या तोंडावर, १९३० साली, बेसबॉलपटू बेब रुथला ८०,००० डॉलर पगार होता. राष्ट्राध्यक्षांना त्या वेळी ७५,००० मिळत. पुढे प्रेक्षक घटले, तशी रुथची रक्कमही १९३३ पर्यंत ५२,००० वर आली. म्हणजे हा पगार सरकारी नोकरासारखा नाही. तो उत्पन्नाबरोबर चढतो आणि त्याच्याबरोबरच उतरतो.

४. भार कोणावर पडतो? : ६० लाख लिटरचा प्रश्न

आता खरा वादाचा मुद्दा. दुष्काळ आणि क्रिकेट यांची प्रत्यक्ष गाठ २०१६ साली महाराष्ट्रात पडली. त्या एप्रिलात लातूरला पिण्याचे पाणी मिरजेहून रेल्वेने न्यावे लागले. पहिल्या गाडीत सुमारे ५ लाख लिटर होते. पुढे ५० वाघिणींच्या गाडीतून एका खेपेस सुमारे २५ लाख लिटर जाऊ लागले. त्याच वेळी मुंबई, पुणे आणि नागपूर येथील मैदानांवर आय.पी.एल.साठी पाणी मारले जात होते. हे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. राज्यातील सामन्यांना सुमारे ६० लाख लिटर पाणी लागणार, असा आकडा पुढे आला. मुंबई व पुणे संघांनी मुख्यमंत्र्यांच्या दुष्काळ निधीस प्रत्येकी ५ कोटी देण्याची तयारी दाखविली. परंतु १३ एप्रिल रोजी न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर नेण्याचा आदेश दिला. बारा सामने हलले. अंतिम सामना मुंबईऐवजी बेंगळुरूला झाला.

या अंकाच्या कन्नड विभागातील मित्रांना आठवत असेल, त्या वर्षी कर्नाटकातही अनेक तालुके दुष्काळी जाहीर झालेले होते. म्हणजे सामना एका तहानलेल्या राज्यातून दुसऱ्या तहानलेल्या राज्यात गेला!

६० लाख लिटर म्हणजे लातूरच्या पाणीगाडीच्या अडीच खेपाही नव्हेत. दुसरी तुलना करू. उसाला वर्षभरात सुमारे २,००० मिलिमीटर पाणी लागते. म्हणजे हेक्टरी दोन कोटी लिटर. या हिशेबाने ६० लाख लिटर पाणी पाऊण एकर उसाला पुरते. दुष्काळी मराठवाड्यात उसाखाली किती क्षेत्र होते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला मैदानाचे पाणी हा दुष्काळाचा उपाय वाटणार नाही. मैदान डोळ्यांसमोर हिरवेगार दिसते, म्हणून बोट त्याच्याकडे जाते. ऊस आडबाजूला असतो, शिवाय त्याच्यामागे मते असतात.

मग न्यायालयाचा आदेश निरर्थक होता काय? मला तसे वाटत नाही. घरात पाहुण्याला पाणी नसताना अंगणात सडा घालीत बसू नये, हा साधा विवेक आहे. शिवाय पाणी ही मंडळाने विकत घेतलेली खाजगी वस्तू नव्हती. ती सार्वजनिक होती. येथेच मला या प्रश्नाची खरी सीमारेषा दिसते. जाहिरातदार स्वतःच्या पैशाने खेळाडूला २७ कोटी देवोत. पण त्या खेळाचा खर्च जेव्हा सर्वांच्या तिजोरीवर पडतो, तेव्हा तो सर्वांचा प्रश्न होतो. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने सामन्यांच्या पोलीस बंदोबस्ताचे शुल्क कमी केले आणि ती सूट २०११ पासून मागे जाऊन लागू केली. २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने याविषयी शासनाला जाब विचारला, तो यासाठीच. ज्या खेळाच्या एका षटकाला तीन कोटी येतात, त्याला बंदोबस्ताची सवलत कशासाठी?

५. दुसरा लिलाव

लिलाव आमच्याकडेही होतो. कापसाची गाडी मंडीत उभी राहते, व्यापारी बोंड चिमटीत धरून धागा ओढून पाहतो आणि भाव बोलतो. जेद्दाच्या लिलावात आणि या लिलावात शब्द तोच आहे, पण बाजू उलट्या आहेत. तेथे वस्तू एक आणि घेणारे दहा. येथे गाड्या शंभर आणि बोलणारे चार. तेथे खेळाडू थांबू शकतो, कारण त्याची वाट पाहणारे आहेत. येथे शेतकरी थांबू शकत नाही. कापूस ओला झाला तर रंग जातो आणि घरी परत न्यायचे तर गाडीभाडे पदरचे. संत्र्याचा बगीचा तर झाडावर असतानाच ठोक्याने द्यावा लागतो. सीमांत उत्पादकतेचा सिद्धांत दोन्हीकडे एकच आहे. फरक आहे तो घासाघीस करण्याच्या बळाचा.

माझी आई पऱ्हाटीत वेचणीला जाते. तिचे काम पंतच्या कामापेक्षा कमी उपयुक्त आहे, असे कोणताही अर्थशास्त्रज्ञ म्हणणार नाही. कपड्यावाचून चालत नाही, षटकारावाचून चालते. ॲडम स्मिथने पाणी आणि हिरा यांच्या उदाहरणातून हाच पेच मांडला होता. किंमत उपयुक्ततेवर ठरत नाही, दुर्मिळतेवर ठरते. वेचणारे हात पुष्कळ आहेत, म्हणून ते स्वस्त आहेत. हे समजले म्हणजे ते न्याय्य वाटू लागते असे नाही. पण उपाय कोठे करायचा, ते कळते.

६. निष्कर्ष

वरील विवेचनातून मला तीन गोष्टी सुचतात. पहिली, खेळाडूचे मोल कमी केल्याने शेतकऱ्याच्या हातात एक पैसाही जादा येणार नाही. तो पैसा फक्त संघमालकाकडे राहील. दुसरी, पाणी, पोलीस, जमीन, करसवलत या रूपाने समाज जे देतो त्याची पूर्ण किंमत खेळाच्या धंद्याकडून वसूल झाली पाहिजे, आणि टंचाईच्या वर्षी तर ती आधी झाली पाहिजे. मंडळानेही रणजीच्या खेळाडूला सामना झाला तरच पैसे, असे न ठेवता वर्षाचा करार द्यावा. तिसरी, आणि माझ्या मते सर्वात महत्त्वाची : आपला राग पहिल्या लिलावावर खर्च न करता दुसऱ्या लिलावावर खर्च करावा. मंडीत बोली लावणारे वाढावेत, आधारभावाची खरेदी केंद्रे वेळेवर उघडावीत, आणि माल ठेवायला गोदाम व त्यावर उचल मिळावी. शेतकऱ्याला 'आज नाही विकत' असे म्हणता आले, तरच त्याच्या मालाला खरा भाव येईल.

वाणिज्य शाखेत शिकणाऱ्या आपल्यापैकी अनेकांचे शिक्षण कोणाच्या तरी कापसावर, उसावर किंवा तंबाखूवर चालले आहे. उद्या आपणच बँकेत, मंडीत, सहकारी संस्थेत बसणार आहोत. तेव्हा या दुसऱ्या लिलावाचा अभ्यास आपण आजपासूनच करावा, एवढीच विनंती करून हा लेख संपवितो.