पडद्यावरील होमी भाभा

मुंबईत १९०९ साली जन्मलेले अणुशास्त्रज्ञ डॉ. होमी भाभा १९६६ साली आल्प्स पर्वतात झालेल्या विमान अपघातात निवर्तले. आजची मुले त्यांना पडद्यावरच पाहतात. २०२२ साली आलेल्या 'रॉकेट बॉईज' या हिंदी मालिकेत जिम सार्भ यांनी त्यांची भूमिका वठविली आहे. तीत भाभांशी वैर धरणारा मेहदी रझा नावाचा शास्त्रज्ञ दिसतो. असा कोणी माणूस प्रत्यक्षात नव्हता. तो लेखकांच्या कल्पनेतला. पुष्कळ प्रेक्षकांना मात्र त्यात मेघनाद साहा दिसले. नाटकास प्रतिपक्ष लागतो हे खरे. परंतु गरिबीतून वर आलेल्या साहांवर हा अन्यायच होय. त्यांचा भाभांशी मतभेद होता, तो तत्त्वाचा. आधी विद्यापीठांतून संशोधक घडवावेत, असा त्यांचा आग्रह होता.