रिगमधलं एकच कार्ड सारखं बंद पडतंय? विकायच्या आधी हे तपासा

आजचा धडा मायनिंग रिग चालवणाऱ्यांसाठी आणि जुनी रिग स्वस्तात घ्यायचा विचार करणाऱ्यांसाठी.

मागच्या उन्हाळ्यात एक मुलगा सहा कार्डांची रिग घेऊन दुकानात आला. उधारीच्या पैशांत घेतलेली. चौथं कार्ड दर दोन-तीन तासांनी बंद पडायचं. म्हणाला, "दादा, कार्ड गेलंय. येईल त्या भावात विकतो." मी म्हटलं, जरा थांब. ते कार्ड दुसऱ्या रायझरवर लावलं, रात्रभर मस्त चाललं. त्याच्या जागी चांगलं कार्ड लावलं, तर तेच बंद पडलं! दोष रायझरच्या वायरीत होता. कनेक्टरचं प्लास्टिक वितळायला लागलं होतं. वेळेत दिसलं म्हणून बरं, नाहीतर घराला आग लागली असती.

म्हणून हा क्रम लक्षात ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदला.

१. आधी वहीत लिहा. कोणतं कार्ड, किती वाजता, किती तापमानाला बंद पडलं? दरवेळी तेच कार्ड असेल तर कार्ड, रायझर किंवा वायर. अख्खी रिग रीस्टार्ट होत असेल तर आधी एसएमपीएस आणि घरची वीज बघा. फक्त दुपारीच होत असेल तर उष्णता.

२. ओव्हरक्लॉक काढा. सगळं कंपनी सेटिंगवर आणून २४ तास चालवा. नीट चाललं तर मेमरी क्लॉक थोडा थोडा वाढवा. स्क्रीनवर हॅशरेट जास्त दिसतो म्हणून खूश होऊ नका. चुकीचे शेअर पूल नाकारतो, त्याचे पैसे मिळत नाहीत.

३. अदलाबदल करा. स्विच बंद, प्लग बाहेर, मगच हात लावा. दोष कार्डाबरोबर गेला तर कार्ड खराब. जागेवरच राहिला तर रायझर, वायर किंवा मदरबोर्डचा स्लॉट.

४. वीज तपासा. कार्ड स्लॉटमधून ७५ वॅटपर्यंत वीज ओढू शकतं. साटा कनेक्टर १२ व्होल्टवर ५४ वॅटच झेपवतो. म्हणून रायझरला साटावरून वीज देऊ नका, एसएमपीएसची सिक्स-पिन वायर थेट द्या. एसएमपीएसवर ८० टक्क्यांपेक्षा जास्त लोडही नको.

५. मेमरीचं तापमान बघा. कोअर ६० अंश दाखवतो आणि आपण निश्चिंत होतो. पण आरटीएक्स ३०८०, ३०९० सारख्या कार्डांत मेमरी ११० अंशांपर्यंत तापली की कार्ड स्वतःच वेग कमी करतं. धूळ काढा, थर्मल पॅड बदला, दोन कार्डांत अंतर ठेवा.

आता धंद्याचं बोलू. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि जुनी कार्डं बाजारात आली. स्वस्त मिळतात, पण कागदावर हिशेब मांडा. रिग ८०० वॅट खात असेल तर दिवसाला १९.२ युनिट, ३० दिवसांत ५७६ युनिट. दर १० रुपये धरला तर बिल ५,७६० रुपये. क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, वर सेस वेगळा, आणि त्यातून लाइटबिल वजा करता येत नाही. एवढं सगळं जाऊन हातात काही उरत नसेल, तर रिग कितीही स्थिर चालली तरी तो धंदा नाही, महागडा हीटर आहे.

त्या मुलाने रायझर आणि वायर बदलली, कार्ड वाचलं. मग हाच हिशेब मांडला आणि चालू स्थितीतली रिग विकून उधारी फेडली. खराब म्हणून विकली असती तर निम्मेही पैसे आले नसते.

गृहपाठ: आज रात्री तुमच्या रिगच्या प्रत्येक रायझरची वायर बघा, साटा दिसली तर रिग बंद करा आणि मगच झोपा.