बंद दुकानाचा चालू नंबर

चि. बाळास,


कपड्यांचं दुकान बंद केल्याचं ताईनं सांगितलं. निर्णय जड गेला असेल, पण योग्य घेतलास. जीएसटी नंबर मात्र ‘पुढेमागे लागेल’ म्हणून तसाच ठेवला आहेस म्हणे. त्यासाठीच हे पत्र.

शटर ओढलं तरी नंबर चालूच राहतो, आणि विक्री शून्य असली तरी रिटर्न भरावंच लागतं. उशीर झाला तर शून्याच्या रिटर्नला रोज 20 रुपये, एका रिटर्नला जास्तीत जास्त 500. रक्कम किरकोळ म्हणून माणूस ढिला पडतो. तुझं रिटर्न तिमाही. लागोपाठ दोन चुकली की जीएसटी खातं आपणहून नोंदणी रद्द करू शकतं. त्याआधी नोटीस येते आणि उत्तराला सात कामाचे दिवस मिळतात, पण बंद धंद्याचा ईमेल उघडतं कोण? अशा रद्द झालेल्या नोंदणीमुळे त्याच पॅनवरचा नवा अर्ज फेटाळला जाऊ शकतो. म्हणजे ज्या ‘पुढेमागे’साठी नंबर धरून बसला आहेस, तेच अडेल. स्वतः अर्ज करून रीतसर बंद केलास तर उद्या नवा नंबर घेता येईल. त्याला सरकारी फीसुद्धा नाही.

धंदा बंद झाल्यापासून 30 दिवसांत आरईजी-16 चा अर्ज करायचा असतो. तोवरची रिटर्नं भरून टाक. अर्ज केल्यावर नोंदणी स्थगित होते आणि त्या काळाची रिटर्नं मागत नाहीत.

खरं काम मालाचं आहे. नोंदणी रद्द होण्याच्या आदल्या दिवशी जे कपडे शिल्लक असतील, त्यांच्या खरेदीवर घेतलेलं इनपुट टॅक्स क्रेडिट किंवा त्यांच्या विक्रीवर लागला असता तो कर, यांतली मोठी रक्कम भरावी लागते. फर्निचर, काँप्युटर यांचं क्रेडिट घेतलं असेल तर त्यांचाही वेगळा हिशेब होतो. म्हणून आधी सेल लाव, बिलं फाडून माल काढ, मगच अर्ज कर. मात्र त्या नादात 30 दिवस निसटू देऊ नकोस.

नोंदणी रद्द झाल्याचा आदेश आल्यावर तीन महिन्यांत जीएसटीआर-10 हे शेवटचं रिटर्न भरायचं. लोक नेमकं हेच विसरतात आणि दंड 10,000 पर्यंत चढतो. व्यवसाय कराची नोंदणी वेगळी रद्द करावी लागते, तीही विसरू नकोस.

खरेदीची बिलं रद्दीत घालू नकोस. शिल्लक मालाची यादी बिलांच्या तारखांसह मला पाठव, आकडे मी काढून देतो.

तुझा,
मामा