तेलाची सागरी वाहतूक आणि समुद्राचे रक्षण

खनिज तेल पाण्याहून हलके असून ते पाण्यात सहसा विरघळत नाही. म्हणून समुद्रात सांडलेले तेल पृष्ठभागावर तवंगाच्या रूपाने दूरवर पसरते. समुद्रपक्ष्यांच्या पिसांत अडकून राहिलेली हवा त्यांची ऊब टिकविते. पिसांना तेल लागले म्हणजे ही हवा निघून जाते, पक्षी भिजतो व गारठतो. शिवाय चोचीने पिसे साफ करताना ते तेल त्याच्या पोटात जाते.

१८ मार्च १९६७ रोजी ‘टॉरी कॅन्यन’ हे जहाज इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकापलीकडील सेव्हन स्टोन्स या खडकांवर आदळले. त्यात कुवेतचे सुमारे १,१९,००० टन कच्चे तेल होते. तवंग फोडण्यासाठी रसायने फवारण्यात आली. उरलेले तेल पेटविण्यासाठी विमानांतून बाँबही टाकण्यात आले. परंतु पुढील पाहणीत असे आढळले की, किनाऱ्यावरील जीवांना तेलापेक्षा ती रसायनेच अधिक घातक ठरली होती. खडकांवरील शेवाळ खाणारे शंखजीव मेले आणि शेवाळ बेसुमार माजले. जेथे रसायने फारशी वापरली नव्हती, तेथील किनारे लवकर सावरले. रोगापेक्षा उपाय भयंकर, असाच हा प्रकार होता.

तेव्हा तेल सांडूच नये, हाच खरा उपाय होय. पूर्वी रिकामी जहाजे परतताना तेलाच्याच टाक्यांत नीरम म्हणून समुद्राचे पाणी भरीत व नंतर ते तेलकट पाणी समुद्रात सोडीत. १९७३ चा ‘मारपोल’ हा आंतरराष्ट्रीय करार आणि १९७८ ची त्याची पुरवणी यांनी अशा प्रथांना आळा घातला व मोठ्या नव्या जहाजांत नीरमासाठी वेगळ्या टाक्या आवश्यक ठरविल्या.

२४ मार्च १९८९ रोजी अलास्कात ‘एक्सॉन व्हाल्डेझ’ हे जहाज खडकावर चढले व सुमारे ३७,००० टन तेल सांडले. त्याचा तळ एकेरी होता. या अपघातानंतर मारपोल करारात सुधारणा झाली. ६ जुलै १९९३ नंतर मागविलेल्या मोठ्या तेलवाहू जहाजांना दुहेरी तळ व दुहेरी बाजू, किंवा तितकीच सुरक्षित अन्य बांधणी, सक्तीची झाली. बाहेरचा पत्रा फाटला तरी आतला तेल धरून ठेवतो. मधल्या पोकळीत परतीच्या वेळी नीरमाचे पाणी भरता येते.

अर्थात, जोराच्या धडकेत दोन्ही पत्रे फाटू शकतात. म्हणून उत्तम बांधणीइतकीच खलाशांची दक्षताही आवश्यक असते.